पहिल्यांदाच आखाजीचं जेवण तुमच्या घरी आहे? मग हे वाचून घ्या

आखाजीचं, म्हणजे आपल्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेचं, जेवण पहिल्यांदा अंगावर पडतं ना तेव्हा चैत्र लागला की पोटात गोळा यायला लागतो. कुणाच्या सासूबाईंना आता उभं राहवत नाही, कुणी गावचं घर बंद करून जळगावला नाहीतर धुळ्याला फ्लॅट घेतलेला असतो, कुणाचं लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, आणि मग सगळे एकमताने सांगून मोकळे होतात की यंदा आखाजी तुमच्याकडेच. दहाबारा माणसं, बाहेर ४३-४४ डिग्री ऊन, पुरणाचा स्वयंपाक, वर पितरांच्या नावाने पाण्याची मातीची घागर पुजायची, त्यांचा नैवेद्य, आणि सगळं दुपारी बाराच्या आसपास तयार पाहिजे. हे जमतं, नीट जमतं, फक्त सगळं त्या दिवशी सकाळी करायला बसलात तर नाही जमत.

आधी हे डोक्यात पक्कं करा की आखाजी हा सासुरवाशिणीचा सण आहे. लेक माहेरी येते, झोके खेळते, गौराईची गाणी म्हणते, दोन दिवस हातात पोळपाट-लाटणं घेत नाही, यासाठी तो सण आहे. मग तुमच्याकडे नणंद आली, आत्याबाई आल्या आणि आल्या आल्या कंबरेला पदर खोचून भजी तळायला उभ्या राहिल्या तर जेवण कितीही चांगलं झालं तरी सण नाही झाला. त्यामुळे मेनू ठरवताना, सामान आणताना, वेळ ठरवताना प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारायचा की यातलं कुठलं काम पाहुणी आल्यावर शिल्लक राहतंय. ते काम एकतर आदल्या दिवशी उरका, नाहीतर मेनूतून काढून टाका.

आणि तुम्ही स्वतःसुद्धा जेवायला बसायचं आहे बरं का. घरची बाई तीन वाजता गार पोळी खाते हे मला बिलकुल पटत नाही.

आता सुरुवात. आठ-दहा दिवस आधी घरातल्या मोठ्या माणसाला फोन लावा, काकू असतील, आत्या असतील, भाऊबंदकीतलं कुणीही जाणतं, आणि घरची रीत विचारून वहीत लिहून घ्या. घागर एक की दोन, घागरीखाली गहू ठेवायचे ना, वर डांगर (म्हणजे खरबूज), आंबे, सांजोरी (गोड सांजा भरून तळलेली) काय काय लागतं, आगारी म्हणजे पितरांच्या नावाचा घास विस्तवावर कोण टाकतं, पितर म्हणून कुणाला जेवायला बोलवायचं असतं का, नैवेद्याच्या रशीत, म्हणजे पुरणाच्या डाळीच्या पाण्याच्या (कटाच्या) पातळ तिखट आमटीत, कांदा-लसूण चालतो का. शेवटचा प्रश्न विसरू नका कारण काही घरांत चालतो, काही घरांत अजिबात नाही, आणि ते ऐनवेळी कळलं तर रशी दुसऱ्यांदा टाकावी लागते. घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर त्यांच्या नावाचं वेगळं करायचं असतं, ते प्रत्येक गावात आणि प्रत्येक घरात निराळं, तिथे माझं ऐकू नका, तुमच्या माणसांचंच ऐका.

त्याच फोनवर माणसं मोजून घ्या. जावई येणार का, भाचे किती, कुणाला शुगर आहे, कुणाचे दात नाहीत. आणि नणदेला नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकू नका, तिच्या भावाने स्वतः फोन करावा आणि जमत असेल तर तिला घ्यायला जावं. पूर्वी मुराळी जायचा, आता गाडी घेऊन भुसावळ स्टेशनवर गेला तरी तेवढाच मान होतो.

मेनूचं सांगते. आखाजीचं ताट आपल्याकडे ठरलेलंच आहे, पुरणपोळी, आमरस, रशी, भात, कुरडई-पापड, भजी, त्यात शोध लावायची गरज नाही. पहिल्याच वर्षी पनीरची भाजी, पुलाव, वर गुलाबजाम असं वाढवत बसू नका, रसाच्या ताटात त्याला कुणी हात लावत नाही. एखादी भाजी हवीच असेल तर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची करा, झटकन होते, पुरणासोबत चांगली लागते. पुण्यामुंबईचा एखादा जावई भरीत मागतो, त्याला प्रेमाने सांगायचं की भरताची खरी वांगी थंडीतली, बामणोद-आसोद्याकडच्या त्या मोठ्या हिरव्या वांग्यांचं भरीत खायला डिसेंबरात या, वैशाखात नको.

आता सगळ्यात मोठा प्रश्न, मांडे करायचे की साधी पोळी. मांडा म्हणजे मातीच्या खापरावर भाजलेली मोठी पुरणपोळी, ती आपली शान आहे आणि ताटात मांडा दिसला की खान्देशी माणूस खूष होतो हे खरं. पण त्याची कणीक वस्त्रगाळ पिठाची, पाण्या-तेलात मळून मळून इतकी सैल करतात की हातातून ओघळते, मग पुरण भरून पोळी दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत झुलवत झुलवत वाढवायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची. चुलीची आच बरोबर पाहिजे, खापर तापलेलं पाहिजे, आणि हात बसायला वर्षं लागतात. पहिल्यांदा जेवण करणाऱ्याने त्या दिवशी मांडे शिकायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिकायचे असतील तर एरवी एखाद्या रविवारी जाणत्या बाईशेजारी बसून शिका, मोडले तर घरातलेच खातील.

आखाजीला दोनच रस्ते. एक म्हणजे मांडे करून देणाऱ्या बायका जळगाव, धुळे, नंदुरबार सगळीकडे आहेत, त्यांना आठवडाभर आधी ऑर्डर द्या कारण त्या दिवशी त्यांच्याकडे रांग असते, आणि ऑर्डर देताना सकाळी किती वाजता मिळणार ते पक्कं विचारा. मांडा मोठा असतो, रसासोबत माणशी एक धरला तर भरपूर होतो, लहान मुलं असतील तर कमीच घ्या. आणायला जाताना घरून सुती धोतर किंवा जुनी मऊ साडी न्या आणि तिच्यात गुंडाळून आणा, गरम मांडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले की घाम सुटतो आणि सगळे एकमेकांना चिकटतात. दुसरा रस्ता म्हणजे घरी तव्यावरची लहान पुरणपोळी. त्यात काही कमीपणा नाही, नैवेद्याला पुरण लागतं, खापरच पाहिजे असा काही नेम नाही. मांडे बाहेरून आणले तरी नैवेद्यापुरतं पुरण घरी शिजवा हे मात्र मी सांगेन, आणि रशीला कटही त्यातूनच मिळतो.

माप बारा माणसांचं सांगते, तुम्ही तुमच्या हिशोबाने कमीजास्त करा. घरची तव्यावरची पोळी माणशी अडीच धरली तर तीस पोळ्या होतात, त्याला पाऊण किलो हरभऱ्याची डाळ, साधारण सातशे ग्रॅम गूळ आणि एक किलो गव्हाचं पीठ, म्हणजे लाटायला लावायचं पीठपण त्यातच आलं. गूळ पिवळाधमक पाहून भुलू नका, जरा काळसर असला तर पुरणाचा रंग गडद येतो पण चव चांगली असते. तांदूळ एक किलोला थोडा कमीच घ्या, रसाच्या दिवशी भात कमी जातो. भज्यांना अर्धा किलो बेसन. कुरडया-पापड घरचे उन्हाळी कामातले असतीलच, नसतील तर मावशीकडून मागून आणा, त्यात लाज कसली, आपल्याकडे डबे असेच फिरतात. ज्वारीच्या बिबड्यापण थोड्या तळा, म्हाताऱ्या माणसांना फार आवडतात.

आणि आंबे. इथे माझं मन थोडं रेंगाळणार आहे कारण रस बिघडला तर सगळं ताट बिघडतं. आखाजी दरवर्षी एकाच तारखेला येत नाही, २०२३ ला ती २२ एप्रिलला होती, मग मध्ये अधिक मास आल्यामुळे २०२४ ला १० मेला गेली, आणि २०२५ ला ३० एप्रिलला आली. या पंधरावीस दिवसांच्या फरकाने आंबा बदलतो. मेमध्ये आली तर चांगला केशर भरपूर मिळतो. एप्रिलमध्ये आली तर आपल्याकडचा गावठी आंबा झाडावर कैरीच असतो, बाजारात बाहेरून आलेला बदाम, लालबाग, लवकरचा केशर असतो, तेव्हा तो बघून घ्यावा लागतो. माझ्या मते रसाला केशर घ्या आणि जमला तर त्यात थोडा लालबाग मिसळा, नुसत्या बदामाचा रस दाट दिसतो पण वासाला फिका पडतो.

खान्देशात रस वाटीने नाही, वाट्यांनी पितात, म्हणून माणशी पाव लिटर धराच. म्हणजे तीन लिटर, आणि त्याला सहा-सात किलो आंबे. आदल्या दिवशी तयार पिकलेले आणायच्या भानगडीत पडू नका, त्या दिवशी भावही चढलेला असतो आणि घाईत पिकवलेला मालही येतो. कार्बाईड लावून आंबा पिकवायला बंदी आहे तरी बाजारात बघूनच घ्यावं, वरून सगळा एकसारखा पिवळा आणि देठाजवळ वासच नाही असा आंबा नको. चार-पाच दिवस आधी जरा कडक आंबे घ्या, पेंढ्यात नाहीतर पेपरमध्ये एकेक सुटा ठेवून खोलीच्या कोपऱ्यात पिकवा, रोज एकदा हात फिरवून पिकलेले वेगळे काढा, डाग पडलेला लगेच बाजूला. आखाजीच्या दोन दिवस आधी बहुतेक तयार झाले तर फ्रीजमध्ये सरकवा, ते थांबतात.

रस करताना आंबे आधी तासभर गार पाण्यात बुडवून ठेवायचे, देठाचा चीक काढून टाकायचा, मग हाताने माचून रस काढायचा आणि कोय पिळून घ्यायची. मिक्सर चालतो पण फक्त एकदोन झटके द्या, जास्त फिरवला की हवा शिरून रस फेसाळतो. रस आदल्या रात्री काढून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवला तर काही होत नाही, पण दूध आणि साखर त्यात आधी घालायची नाही. दूध वाढायच्या अर्धा तास आधी, तेही उकळून पूर्ण गार केलेलं, आणि घालण्याआधी दोन वाट्या बिनसाखरेचा रस बाजूला काढून ठेवा, शुगरवाली माणसं घोटभर तरी घेतातच. पितळेच्या पातेल्यात रस ठेवू नका, आंबट वस्तू आहे, कळकते. ताटात रसासोबत तूप आणि चिमूटभर सुंठ ठेवा, सुंठीने रस बाधत नाही असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगतात आणि चवीलाही ती चांगलीच लागते.

आखाजीच्या दोन दिवस आधी घागर आणून ठेवा. नवीच लागते, बाजारच्या दिवशी कुंभाराकडून घ्या, टिचकी मारून खणखणीत आवाज आला तर घ्या. आदल्या दिवशी धुऊन पाणी भरून ठेवा म्हणजे झिरपत असेल तर तेव्हाच कळेल. डांगर पण त्याच दिवशी घ्या, वासाचं बघून, कारण ते पूजेलाही लागतं आणि संध्याकाळी कापून खायलाही. सांजोऱ्या दोनतीन दिवस आधी तळून डब्यात भरल्या की चांगल्या राहतात, दहा-पंधराच करा, उगीच पन्नास करत बसू नका. गॅसची टाकी हलवून बघा, दुसरी भरलेली आहे ना ते बघा. कुलरचं पाणी, पिण्याच्या पाण्याचे दोन माठ, बर्फ.

आदला दिवस खरा कामाचा. सकाळी नाही, संध्याकाळी ऊन उतरल्यावर कामाला लागा.

डाळ दुपारीच धुऊन तीनेक तास भिजत घाला. मग तिप्पट पाणी, चिमूटभर हळद, चमचाभर तेल घालून कुकरला चार शिट्ट्या, डाळ बोटाने दाबली की मोडली पाहिजे पण तिचा लगदा नको झाला. चाळणीवर ओता, खाली जे पाणी गळतं तो कट, तो सांडायचा नाही, त्याची रशी होणार आहे. दोन पळ्या शिजलेली डाळपण रशीसाठी बाजूला काढा. उरलेली डाळ कढईत गुळासोबत शिजवा. गूळ विरघळला की ते आधी पातळ होतं, घाबरू नका, हलवत राहा, बुडाशी लागू देऊ नका. मधोमध उलथनं उभं केलं आणि ते पडलं नाही की पुरण झालं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा कारण गार झालं की हात दुखून येतात. वेलदोडा, जायफळ शेवटी. पुरण ओलसर वाटलं तर परत कढईत टाकून थोडं आटवा, फार कोरडं झालं तर चमचाभर दूध पुरतं. मऊसूत झालं पाहिजे, एखादी अख्खी डाळ राहिली तरी लाटताना पोळी नेमकी तिथेच फुटते.

पुरण आणि कट दोन्ही गार झाल्या झाल्या फ्रीजमध्ये. हे मी कळकळीने सांगते, वैशाखात आपल्याकडे रात्रीसुद्धा गरम असतं, बाहेर ठेवलेला कट सकाळपर्यंत आंबतो आणि पुरणाला तार सुटते. फ्रीज छोटा असेल तर शेजारच्या ताईंच्या फ्रीजमध्ये एक कप्पा आधीच मागून ठेवा.

रशीचा मसाला पण रात्रीच. दोन मोठे कांदे गॅसवर सालासकट भाजा, काळे होऊ द्या, मग साल काढा. सुकं खोबरं अर्धी वाटी विस्तवावर भाजून, लसणाचा एक गड्डा, आल्याचा तुकडा, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे धणे भाजून, सगळं एकत्र थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटायचं. भरड राहिला तर रशी मिळून येत नाही, पाणी वेगळं आणि मसाला वेगळा दिसतो. हे रात्री करायचं आणखी एक कारण म्हणजे सकाळी लाईटचा भरवसा नाही, गेली तर मिक्सर बंद, आणि पाट्यावर वाटायला आता कुणाकडे पाटा आहे. नैवेद्याला कांदा-लसूण चालत नसेल तर खोबरं-आलं-धण्याचा मसाला वेगळा वाटा आणि नैवेद्यापुरती छोटी रशी वेगळी करा.

कुरडया-पापड त्या दिवशी सकाळी तळायचे असं लोकांना वाटतं, पण कोरडी हवा आहे, आदल्या रात्री तळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले तर दुसऱ्या दिवशी तितकेच कुरकुरीत लागतात. ताटं, वाट्या, पळ्या काढून पुसून ठेवा. रसाच्या वाट्या मोठ्या काढा. कमी पडत असतील तर रात्रीच शेजारून आणा, पाहुणे दारात असताना वाट्या मागायला पळू नका.

आता त्या दिवशीची सकाळ. जेवण साडेबाराला धरलं तर असं बसवा. साडेपाचला उठून आधी कणीक मळा. चाळलेलं पीठ, मीठ, थोडी हळद, आणि नेहमीच्या पोळीपेक्षा बरीच सैल मळून वरून तेल घालून चांगली तिंबा, मग झाकून दोन तास बाजूला. पुरण फ्रीजमधून काढा म्हणजे लाटेपर्यंत त्याचा गारठा जाईल, थंडगार कडक पुरण आणि मऊ कणीक एकत्र लाटली तर पोळी फुटणारच. मग अंघोळ, झाडलोट, घागरीची जागा.

सात वाजता रशी टाका. कढईत तेल जरा सढळ घ्या, तर्री दिसली पाहिजे. मोहरी-जिरं, मग वाटलेला मसाला घालून मंद गॅसवर परता, घाई करू नका, तेल कडेने सुटेपर्यंत परतायचा, याला दहाबारा मिनिटं लागतात आणि रशीची सगळी चव या दहाबारा मिनिटांत आहे. मग लाल तिखट, घरचा काळा मसाला, हळद, लगेच थोडं पाणी म्हणजे तिखट जळत नाही. मग कट आणि बाजूला काढलेली डाळ घोटून, गरम पाणी घालत तीन लिटरपर्यंत वाढवा, मीठ, आणि खळखळ उकळी आली की गॅस कमी करून पंधरा-वीस मिनिटं. रशी पातळच असते, दाट आमटी करू नका, भातावर ओतली की पसरली पाहिजे. पाहुण्यांमध्ये लहान मुलं असतील तर तिखटाआधी थोडी बाजूला काढा.

आठ-साडेआठला पोळ्या सुरू करा आणि दहाच्या आत गॅससमोरून बाजूला व्हा, कारण त्यानंतर स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. कणकेचा लिंबाएवढा गोळा, पुरण त्याच्या दीडपट, भरून तोंड नीट बंद करायचं आणि कोरड्या पिठावर हलक्या हाताने लाटायचं, दाब कडेला द्यायचा, मधे नाही. तवा मध्यम. एक बाजू नीट भाजल्याशिवाय उलटू नका, सारखी उलटापालट केली की चिरते. पहिल्या दोनतीन पोळ्यांत अंदाज येतो. नैवेद्याची पोळी आधी काढून ठेवा. भाजलेली पोळी जाळीवर वाफ जाईपर्यंत ठेवायची आणि मग सुती कापडात गुंडाळून डब्यात, लगेच रचली तर खालच्या ओल्या होतात. पोळ्या लाटणारं एक माणूस आणि भाजणारं एक असं असेल तर तीस पोळ्या दीड तासात होतात. नवऱ्याला भाजायला उभं करा, बहिणी त्याच्या आहेत.

भात साडेअकराला. भज्यांचं बेसन सव्वाअकराला कालवून ठेवा, कांदा मात्र ऐनवेळी घाला नाहीतर पाणी सुटतं. माझं मत विचाराल तर गिलक्याची (घोसाळ्याची) भजी करा, चकत्या कापायला सोप्या, पटकन तळून होतात आणि तेल कमी पितात. मिरचीच्या सातआठ. भजी हीच एक वस्तू शेवटच्या क्षणाला ठेवायची, नैवेद्याची चार आधी तळून घ्यायची आणि बाकीची पंगत बसता बसता.

पाहुणे दहाच्या आसपास यायला लागतील. दारात पाय धुवायला पाणी, प्यायला माठातलं गार पाणी, आणि मग कैरीचं पन्हं. उन्हातून आलेल्या माणसाला एकदम फ्रीजचं बर्फगार देऊ नका. नणंद स्वयंपाकघरात डोकावेलच, सवय असते, तेव्हा तिला नुसतं "बसा हो ताई" म्हणून भागत नाही, तिला खरंच बसायला जागा पाहिजे. कुलरसमोर सतरंजी, उशा, माहेरच्या बाया-मैत्रिणींना आधीच निरोप देऊन ठेवा की अकराला या, मग ती आपोआप गप्पांत रमते. अंगणात कडुनिंब असेल तर आदल्या दिवशीच झोका बांधून घ्या, चांगला जाड दोर, आधी मोठ्या माणसाने बसून ओढून बघायचा, मग पोरींना बसू द्यायचं. ज्यांनी महिनाभर गौराई बसवली आहे त्यांच्याकडे पोरींची गडबड वेगळीच, त्यांना जेवणाची वेळ आधी सांगून ठेवा नाहीतर ऐन पंगतीला त्या झोक्यावर असतात.

बाराच्या आसपास घागर पुजून, नैवेद्य दाखवून, आगारी टाकून झालं की पंगत. एक नैवेद्य कावळ्याला वर ठेवा, एक गाईला.

पंगतीबद्दल माझं ठाम सांगणं आहे. आधी सगळे पुरुष, मग मुलं, मग बायका, असं आखाजीला तरी करू नका. पहिल्या पंगतीला म्हातारी माणसं, पितर म्हणून बोलावलेला माणूस आणि माहेरवाशिणी बसल्या पाहिजेत, तिच्याच सणाला तिने मागून उरलेलं खायचं हे बरोबर नाही. जागा असेल तर सगळेच एकदम बसा. वाढायला दोन पोरं घ्या, एकाकडे रस आणि एकाकडे रशी, भाचे-पुतणे हे काम आवडीने करतात, फक्त रशीचं पातेलं मोठ्या माणसाच्या हातात द्या कारण ती उकळती असते.

ताटात डावीकडे मीठ, लिंबू, लोणचं, कैरीची चटणी, उजवीकडे भाजी, वर रसाची आणि रशीची वाटी, मध्ये पोळी आणि तिच्यावर तूप. पोळी अर्धी करून वाढा, मागतील तशी पुढे. रस मात्र न विचारता वाढत राहायचं. आग्रह करा पण रसाचा करा, पोळीचा नको, कारण पुरण पोटाला जड असतं आणि दुपारी ४४ डिग्रीत बळजबरीने खाल्लेली तिसरी पोळी माणसाला रात्रीपर्यंत त्रास देते. सगळ्यांना दुसरा रस वाढून झाला की तुम्हीपण ताट घेऊन बसा, भजी संपली तर संपली, कुणी उठून तळायचं नाही.

जेवणानंतर तीन तास कुणी काही मागत नाही, सगळे आडवे होतात, तुम्हीपण व्हा. पाचच्या सुमाराला डांगर कापा, चहा करा. रात्री परत मोठा स्वयंपाक मांडू नका, साधी फोडणीची खिचडी, कढी आणि उरलेले पापड, कुणाला त्यापेक्षा जास्त भूक नसते.

उरलेल्याचं असं करा. दूध घातलेला रस त्याच दिवशी संपवा, नाही संपला तर टाकून द्या, दुसऱ्या दिवशी मुलांना देऊ नका. बिनदुधाचा रस फ्रीजरमध्ये राहतो. रशी रात्री एकदा उकळून फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीसोबत पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते. पुरणपोळी फ्रीजमध्ये दोन दिवस, तव्यावर तूप सोडून गरम करायची किंवा दुधात कुस्करून. नणंद निघताना ओटी भराल, साडी द्याल, त्यासोबत कुरडया-पापडाचा डबा आणि प्रवास दोनतीन तासांचाच असेल तर चार पोळ्या कापडात बांधून द्या, रस बाटलीत भरून देऊ नका, उन्हात गाडीत तो फसफसतो, त्याऐवजी पाच-सहा जरा कडक आंबे द्या, ते तिच्या घरी जाऊन पिकतील.